दुप्पट कर भरणारा ‘पहिला नागरिक’

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट आपण बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. मुद्रांकाचा कायदा, बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा आणि ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ ही घोषणा, एवढ्या तीन खुणांवर ती आपल्या स्मरणात उभी असते. गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या वसाहतींनी संमतीवाचून कर बसविण्याचा अधिकार पार्लमेंटलाही नाकारला, त्या वसाहतींच्या आत स्वतःच्या संमतीवाचून कर भरणारे लोक कोणीच नव्हते काय?

होते. त्यांपैकी काही लोक आपल्या धर्माचे होते. मेरीलँड वसाहतीतील कॅथलिकांना मताचा अधिकार नव्हता, सरकारी पद मिळत नव्हते, वकिली करता येत नव्हती, उघड्या चर्चमध्ये मिस्सा ऐकता येत नव्हती. कर मात्र त्यांना होता, आणि १७५६ पासून त्यांच्या जमिनीवर तो इतरांच्या दुप्पट होता. हा दुप्पट कर लंडनच्या पार्लमेंटने बसविला नव्हता; तो त्यांच्याच शेजाऱ्यांनी निवडून दिलेल्या सभेने बसविला होता. अशा स्थितीत वाढलेल्या एका कॅथलिक माणसाने १७७३ साली, संमतीवाचून कर नसावा हे तत्त्व त्या शेजाऱ्यांच्याच बाजूने जाहीरपणे मांडले. त्याचे नाव चार्ल्स कॅरल. त्याची ही कहाणी आहे. आणि ती सांगताना त्याच्या पदरी असलेल्या हिशेबाची दुसरी बाजूही आपल्याला पाहावी लागेल.

आश्रयाचे घर

मेरीलँडची सनद १६३२ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने लॉर्ड बॉल्टिमोर या कॅथलिक उमरावाच्या घराण्याला दिली. २५ मार्च १६३४ रोजी, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाच्या सणादिवशी, येशूसंघीय फादर अँड्र्यू व्हाइट यांनी सेंट क्लेमेंट बेटावर मिस्सा अर्पण केली. वसाहतीत प्रॉटेस्टंटांचीच संख्या अधिक होती; म्हणून मालकांनी आरंभापासून दोन्ही पंथांना सांभाळून घेण्याचे धोरण ठेवले. १६४९ साली तेथे धर्मसहिष्णुतेचा कायदा झाला. त्रैक्य न मानणाऱ्याला त्या कायद्याने कठोर शिक्षा सांगितली होती, तेव्हा आजच्या अर्थाने ती सहिष्णुता नव्हे. तरी ख्रिस्ती पंथांनी एकमेकांना छळू नये एवढी तरतूद त्या काळात मोठीच होती.

१६८८ साली इंग्लंडमध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स पदच्युत झाला आणि पुढच्याच वर्षी मेरीलँडमधील प्रॉटेस्टंटांनी बॉल्टिमोरच्या माणसांची सत्ता उलथून टाकली. त्यानंतर अँग्लिकन चर्च हे वसाहतीचे अधिकृत चर्च ठरले. त्याच्या पाळकांच्या निर्वाहासाठी दर करपात्र डोईमागे चाळीस रतल तंबाखू द्यावी लागे, कारण तंबाखू हेच तेथले चलन होते. ही डोईपट्टी कॅथलिक घरांनाही चुकली नाही. १७०४ साली ‘पोपपंथाची वाढ रोखण्याचा’ कायदा झाला. मिस्सा खासगी घराच्या चार भिंतींत करण्यापुरती मोकळीक पुढे मिळाली. बॉल्टिमोरच्या घराण्याने अँग्लिकन पंथ स्वीकारला तेव्हा, १७१५ साली, त्याला वसाहत परत मिळाली. १७१८ साली मताधिकारासाठी अशी शपथ आवश्यक झाली की ती कॅथलिक माणसाला विवेकाला स्मरून घेताच येऊ नये. आश्रयासाठी ज्यांनी घर बांधले, त्यांनाच त्या घरात परके व्हावे लागले.

१७५६ साली फ्रान्सशी युद्ध सुरू असताना मेरीलँडच्या सभेने लष्करी खर्चासाठी चाळीस हजार पौंड उभारण्याचा कायदा केला आणि कॅथलिकांच्या जमिनीवर दुप्पट कर ठेवला. कॅथलिक हे फ्रेंचांचे छुपे मित्र असणार, हा त्यामागचा संशय. गव्हर्नर होरेशिओ शार्प यांना स्वतःला त्यांच्या वागणुकीत आक्षेपार्ह असे काही आढळले नव्हते. पण संशयाला पुरावा लागत नाही. चार्ल्स कॅरलचे वडील इतके उद्विग्न झाले की १७५७ साली ते फ्रान्सला गेले आणि लुइझियानात जमीन मिळते का, याची त्यांनी चौकशी केली. ते जमले नाही आणि कॅरल घराणे मेरीलँडमध्येच राहिले.

परत आलेला मुलगा

चार्ल्स कॅरल १७३७ साली अ‍ॅनापोलिस येथे जन्मला. कॅथलिक शाळा चालविण्यास वसाहतीत बंदी असल्यामुळे त्याचे पहिले शिक्षण येशूसंघीयांच्या एका आडबाजूच्या शाळेत झाले. वयाच्या अकराव्या वर्षी त्याला समुद्रापार सेंट ओमेर येथील इंग्रज येशूसंघीयांच्या विद्यालयात धाडण्यात आले. तेथून पुढे फ्रान्समध्ये तत्त्वज्ञान व रोमन कायदा आणि लंडनमध्ये इंग्रजी कायदा शिकून तो १७६५ च्या फेब्रुवारीत घरी आला. सतरा वर्षांचे शिक्षण पाठीशी होते. परंतु ज्या कायद्याचा त्याने अभ्यास केला, त्याच कायद्याने त्याला न्यायालयात उभे राहण्याची मनाई केली होती. वडिलांनी त्याच्या नावे दहा हजार एकरांची ‘कॅरलटन’ ही जहागीर केली. त्याच नावाच्या घराण्यातील इतरांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून तो ‘कॅरलटनचा चार्ल्स कॅरल’ अशी सही करू लागला.

तो परतला त्याच्या पुढच्याच महिन्यात, २२ मार्च १७६५ रोजी, लंडनमध्ये मुद्रांकाचा कायदा झाला.

साम्राज्याचे कर्ज आणि वसाहतींचा प्रश्न

या कायद्यामागचे कारण साधे होते. फ्रान्सशी झालेले सात वर्षांचे युद्ध १७६३ साली ब्रिटनने जिंकले. पण त्या काळात त्याचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झाले. अमेरिकेत सैन्य ठेवायचे तर त्याच्या खर्चाचा काही भाग तेथील लोकांनी उचलावा, असे प्रधानमंत्री जॉर्ज ग्रेनव्हिल यांना वाटले. १७६४ साली त्यांनी काकवीवरील जकात गॅलनमागे सहा पेन्सांवरून तीनवर आणली, मात्र जी पूर्वी चुकविली जात असे ती आता कसोशीने वसूल करण्याचे ठरविले. दुसऱ्या वर्षी मुद्रांक आले. वर्तमानपत्र, पंचांग, खरेदीखत, कोर्टातील दावा, परवाना, एवढेच काय पत्त्यांचा जोड, या प्रत्येकाला सरकारी छाप विकत घ्यावी लागणार होती.

जकात बंदरात भरली जाते व व्यापाऱ्याच्या किमतीत लपते. मुद्रांक हा मात्र प्रत्येकाच्या हातात पडणारा कर होता. वसाहतवाल्यांनी त्याला जो विरोध केला, तो रकमेपेक्षा तत्त्वावर अधिक होता. इंग्रज माणसाची मिळकत त्याच्या प्रतिनिधीच्या संमतीवाचून कोणी घेऊ शकत नाही, हा इंग्लंडचाच जुना दंडक. आणि पार्लमेंटमध्ये अमेरिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. ग्रेनव्हिलच्या पक्षाचे उत्तर असे होते की मँचेस्टर व बर्मिंगहॅम या शहरांनाही स्वतःचे प्रतिनिधी नाहीत. पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो, आणि अशा अप्रत्यक्ष रीतीने अमेरिकेचेही प्रतिनिधित्व होतेच.

या युक्तिवादाला सर्वांत समर्थ उत्तर मेरीलँडमधूनच गेले. अ‍ॅनापोलिसचे नामांकित वकील डॅनियल ड्युलनी यांनी १७६५ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : इंग्लंडमध्ये ज्याला मत नाही त्याचे आणि ज्याला मत आहे त्याचे हितसंबंध एकच असतात, कारण दोघेही एकच कर भरतात; म्हणून मतदार अन्याय करू लागला तर तो स्वतःवरही करील. अमेरिकेबाबत ही खात्री नाही. तेथे कर बसविणारा स्वतः तो भरत नाही. उलट अमेरिकेवर जेवढा भार पडेल तेवढा त्याचा स्वतःचा हलका होईल.

हे उत्तर वाचताना क्षणभर थांबावे. मेरीलँडच्या सभेतील ज्या सभासदांनी नऊ वर्षांपूर्वी कॅथलिकांवर दुप्पट कर ठेवला, ते स्वतः तो भरत नव्हते. कॅथलिकांवर भार वाढला तेवढा त्यांचा हलका झाला होता. ड्युलनींचे प्रत्येक वाक्य त्यांच्या दाराशी असलेल्या अन्यायाला लागू पडत होते.

कायद्याला विरोध मात्र सर्वत्र झाला. बोस्टनमध्ये मुद्रांक वाटणाऱ्या अधिकाऱ्याचा पुतळा झाडाला टांगला गेला. अ‍ॅनापोलिसचा मुद्रांक-अधिकारी झॅकरायाह हूड याला न्यूयॉर्कला पळावे लागले. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्क येथे एकत्र जमले. कॅरलची जहागीर ज्या फ्रेडरिक परगण्यात होती, तेथील न्यायाधीशांनी २३ नोव्हेंबर १७६५ रोजी मुद्रांकावाचून कामकाज चालविण्याचा निर्णय दिला. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला. पण वसाहतींना सर्व बाबतींत बांधून घेणारे कायदे करण्याचा आपला हक्क त्याच दिवशी दुसऱ्या कायद्याने जाहीर करून ठेवला.

पोपचा पुतळा

या चळवळीचे एक अंग कॅथलिक वाचकाला सलल्यावाचून राहणार नाही. बोस्टनमध्ये दरवर्षी ५ नोव्हेंबरला पोपमहाशयांचा पुतळा गाड्यावर मिरवून जाळण्याची प्रथा होती. शहराच्या उत्तर व दक्षिण भागांतील टोळ्या एकमेकींचा गाडा हिसकावण्यासाठी त्या दिवशी मारामाऱ्या करीत. १७६५ साली मुद्रांकाच्या कायद्याविरुद्ध या दोन्ही टोळ्या एक झाल्या. पुतळे करणे, मिरविणे, जाळणे यांची सवय त्यांना होतीच. वर्षानुवर्षे पोपसाठी वापरलेली रीत आता करअधिकाऱ्यांसाठी उपयोगी पडली. ज्या रस्त्यावरून स्वातंत्र्याची हाक उठली, तो रस्ता कॅथलिकांच्या द्वेषावर पोसलेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

दहा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १७७५ रोजी, सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या छावणीत ही प्रथा पाळण्यास मनाई केली. कॅनडाच्या कॅथलिकांचे सहकार्य मागत असताना त्यांच्या धर्माची विटंबना करणे त्यांना असमंजसपणाचे वाटले. दहा वर्षांत एवढा फरक का पडला, हे कळण्यासाठी आपल्याला पुन्हा अ‍ॅनापोलिसला जावे लागेल.

दस्तुरीचा वाद

पार्लमेंटने १७६७ साली काच, शिसे, रंग, कागद व चहा यांवर नव्या जकाती बसविल्या. वसाहतवाल्यांनी इंग्रजी मालावर बहिष्कार घातला. स्त्रियांनी घरोघर चरखे चालवून जाडेभरडे कापड विणले. स्वदेशीचा हा प्रयोग आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. १७७० साली चहा वगळून बाकीच्या जकाती उठल्या आणि काही काळ शांतता झाली. मेरीलँडमध्ये मात्र त्याच वर्षी एक घरगुती वाद पेटला.

सरकारी अधिकारी कागदपत्रांसाठी लोकांकडून जी दस्तुरी घेत, तिचे दर कायद्याने ठरलेले होते. त्या कायद्याची मुदत १७७० च्या ऑक्टोबरात संपली. लोकनियुक्त कनिष्ठ सभेला दर कमी करावयाचे होते. वरिष्ठ सभेत ती दस्तुरी खाणारे अधिकारीच बसत. त्यांनी नकार दिला. तेव्हा गव्हर्नर रॉबर्ट ईडन यांनी २६ नोव्हेंबर १७७० रोजी केवळ एका जाहीरनाम्याने जुने दर चालू ठेवले. ७ जानेवारी १७७३ च्या ‘मेरीलँड गॅझेट’मध्ये या जाहीरनाम्याचे समर्थन करणारा एक संवाद छापून आला. त्यात ‘पहिला नागरिक’ सरकारच्या विरुद्ध दुबळे मुद्दे मांडतो आणि ‘दुसरा नागरिक’ ते सहज खोडून काढतो. लेखक होते डॅनियल ड्युलनी, मुद्रांकाच्या काळचेच ते पंडित. आता ते स्वतः दस्तुरी घेणाऱ्यांपैकी एक मोठे अधिकारी होते.

४ फेब्रुवारीला त्याच पत्रात उत्तर आले. सही होती ‘पहिला नागरिक’. ड्युलनींनी पराभूत म्हणून रंगविलेल्या पात्राचे नाव कॅरलने उचलले होते. हे पत्र त्या वेळी ॲन कॅथरीन ग्रीन ही विधवा बाई चालवीत होती. मत तिलाही नव्हते. ‘अँटिलोन’ या नावाने ड्युलनी आणि ‘पहिला नागरिक’ या नावाने कॅरल यांची लेखणी उन्हाळ्यापर्यंत चालली. दोघांनी प्रत्येकी चार पत्रे लिहिली.

कॅरलचा मुद्दा असा : जी रक्कम देण्यावाचून सुटका नाही आणि जी लोकप्रतिनिधींच्या संमतीने ठरलेली नाही, तिला दस्तुरी म्हणा की आणखी काही, तो करच आहे. राजा पहिला चार्ल्स याने पार्लमेंटला न विचारता जहाजपट्टी वसूल केली होती. गव्हर्नरचा जाहीरनामा त्याच जातीचा. राजाच्या नावाने वाईट सल्ला देणारे मंत्रीच खरे दोषी होत, हेही त्याने ड्युलनींकडे बोट दाखवून सांगितले.

युक्तिवाद अडला तेव्हा ड्युलनींनी धर्माचा आधार घेतला. हा नागरिक म्हणविणारा आहे तरी कोण? विधिमंडळात त्याला स्थान नाही, निवडणुकीत मत नाही. कायद्याने ज्याला दूर ठेवले त्याला राज्यकारभाराविषयी बोलण्याचा अधिकारच काय? पोपपंथी माणसावर विश्वास कसा टाकावा? कॅरलने उत्तरात रोमची कैफियत मांडली नाही आणि आपला धर्मही लपविला नाही. धर्माविषयीच्या आपल्या श्रद्धा हा या वादाचा विषय नव्हे. मुद्दा खरा की खोटा एवढे पाहा, असा त्याचा रोख होता.

निकाल मतदारांनी दिला. मे १७७३ च्या निवडणुकीत जाहीरनाम्याचे समर्थक हरले. अ‍ॅनापोलिसच्या लोकांनी जाहीरनाम्याची प्रेतयात्रा काढून तो वधस्तंभाखाली पुरला. निवडून आलेल्या प्रतिनिधींनी ‘पहिल्या नागरिका’चे जाहीर आभार मानले. तो कोण हे सर्वांना ठाऊक होते. ज्या निवडणुकीत कॅरलला मत देता येत नव्हते, ती त्याच्या लेखणीने जिंकली होती.

कंपनीचा चहा

ही निवडणूक चालू असतानाच, १० मे १७७३ रोजी, लंडनमध्ये चहाचा कायदा झाला. ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती आणि तिच्या वखारींत सुमारे पावणेदोन कोटी रतल चहा पडून होता. तो थेट अमेरिकेत विकण्याची सवलत तिला मिळाली. चहा त्यामुळे स्वस्तच होणार होता. पण त्यावरील रतलामागे तीन पेन्सांची जकात कायम होती. स्वस्त चहा पिणे म्हणजे जकातीचा हक्क मान्य करणे, हे अमेरिकनांनी ओळखले. पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन यांचे म्हणून मानल्या जाणाऱ्या एका पत्रकात तर कंपनीने आशियात काय केले ते पाहा, असा इशारा होता. १७७० च्या बंगालच्या दुष्काळात पंधरा लाख माणसे मेली, आणि भूमीने धान्य नाकारले म्हणून नव्हे तर कंपनीच्या माणसांनी ते गिळले म्हणून, असा आरोप त्यात केला होता. हजारो मैलांवरच्या बंगाली शेतकऱ्याचे मरण अमेरिकेच्या वादात साक्षीला आले होते.

१६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनमध्ये तीन जहाजांवरील तीनशे चाळीस पेट्या समुद्रात रिकाम्या झाल्या. १९ ऑक्टोबर १७७४ रोजी अ‍ॅनापोलिसच्या बंदरात ‘पेगी स्ट्युअर्ट’ हे जहाज जळाले. त्यावर दोन हजार रतलांच्या वर चहा होता आणि त्याची जकात भरून मालकाने लोकांचा रोष ओढवून घेतला होता. जमावाच्या धाकाने त्याला स्वतःच्या हाताने जहाजाला आग लावावी लागली. कॅरल तोपर्यंत नागरिकांच्या समितीचा सभासद झाला होता. त्याच वर्षी मेरीलँडच्या प्रांतिक परिषदेवरही त्याची निवड झाली. कॅथलिकांना पद नाकारणारा कायदा कागदावर तसाच होता. लोकांनी तो बाजूला ठेवला.

येथे आपल्या किनाऱ्याकडे एक दृष्टिक्षेप टाकणे अप्रस्तुत होणार नाही. बोस्टनचा चहा बुडून एक वर्ष होते तोच, डिसेंबर १७७४ मध्ये, त्याच कंपनीच्या मुंबई सरकारने ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला आणि साष्टी बळकावली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई पेशव्यांकडे परत गेली, साष्टी मात्र कंपनीकडेच राहिली. साष्टीच्या कॅथलिक गावांचा सारा प्रथम पोर्तुगिजांनी, मग मराठ्यांनी आणि आता कंपनीने घेतला. त्यांची संमती कोणीच विचारली नाही. पुढे १८८७ साली याच समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. ज्या कंपनीचे नाव बोस्टनमध्ये जुलमाची खूण ठरले, त्याचीच छाया आपल्या लोकांच्या नावावर पडली आहे.

क्युबेकचा आरसा

१७७४ साली पार्लमेंटने क्युबेकचा कायदा केला. फ्रान्सकडून जिंकलेल्या कॅनडातील कॅथलिकांना त्यांचा धर्म मोकळेपणाने पाळण्याचे व धर्मगुरूंना दशमांश घेण्याचे स्वातंत्र्य त्याने दिले. अमेरिकन वसाहतींत त्यावर संतापाची लाट उसळली. फिलाडेल्फियात जमलेल्या पहिल्या काँग्रेसने २१ ऑक्टोबर १७७४ रोजी ब्रिटनच्या जनतेला लिहिलेल्या आवाहनात कॅथलिक धर्माला रक्तपाताचा व छळाचा धर्म ठरविले; आणि पाचच दिवसांनी क्युबेकच्या रहिवाशांना दुसरे पत्र लिहून, धर्मभेद विसरून आमच्या बाजूला या, अशी गळ घातली.

दीड वर्षानंतर काँग्रेसने क्युबेकला शिष्टमंडळ पाठविले. त्यात बेंजामिन फ्रँकलिन, सॅम्युएल चेस आणि चार्ल्स कॅरल होते. कॅरलचे नातलग फादर जॉन कॅरल यांनाही बरोबर घेण्यात आले. हे येशूसंघीय होते. १७७३ साली पोप चौदावे क्लेमेंट यांनी त्यांचा संघ विसर्जित केल्यानंतर ते मायदेशी आले होते. क्युबेकचे बिशप ब्रियाँ यांनी आपल्या लोकांना राजनिष्ठ राहण्याचा आदेश दिला होता. तेथील धर्मगुरूंना राजाकडून स्वातंत्र्य मिळाले होते आणि काँग्रेसकडून शिव्या. त्यांनी फादर कॅरल यांचे म्हणणे ऐकून घेतले नाही. शिष्टमंडळ रिकाम्या हाताने परतले.

मेरीलँडच्या कॅथलिकांपुढेही तोच प्रश्न होता. दुप्पट कर त्यांच्यावर शेजाऱ्यांनी बसविला होता आणि राजाने तर क्युबेकमध्ये त्यांच्या बांधवांना न्याय दिला होता. हिशेबच करायचा तर राजाची बाजू त्यांना सोयीची होती. कॅरलने शेजाऱ्यांची बाजू घेतली. राजाच्या कृपेने मिळालेले स्वातंत्र्य राजाच्या मर्जीने जाऊ शकते, हे इंग्लंडच्या व मेरीलँडच्या इतिहासातून त्याच्या घराण्याने अनुभवले होते. संमतीचे तत्त्व एकदा मान्य झाले की ते आपल्याला कायमचे नाकारणे शेजाऱ्यांना कठीण जाईल, ही आशा त्यामागे असली पाहिजे. वृद्धपणी, १८२९ साली, त्याने एका पत्रात सांगितले की स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करताना इंग्लंडपासून सुटका एवढेच आपल्या नजरेसमोर नव्हते, तर सर्व ख्रिस्ती पंथांना मिळणारी मोकळीकही होती.

२ ऑगस्ट १७७६ रोजी त्याने ती सही केली. सही करणाऱ्या छप्पन्न जणांत तो एकटाच कॅथलिक होता. ३ नोव्हेंबर १७७६ च्या मेरीलँडच्या हक्कनाम्याने सर्व ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्याचे समान संरक्षण दिले आणि अँग्लिकन पाळकांसाठीची सक्तीची डोईपट्टी संपली. फादर जॉन कॅरल १७८९ साली बॉल्टिमोरचे, म्हणजे संयुक्त संस्थानांचे, पहिले बिशप नेमले गेले.

हिशेबाची दुसरी बाजू

येथे थांबले तर ही कथा आपल्या समाधानाची होईल; पण ती पुरी होणार नाही. त्या हक्कनाम्यात ‘ख्रिस्ती’ हा शब्द होता. मेरीलँडच्या यहुदी नागरिकांना सरकारी पदाचे दार त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८२६ साली उघडले. काल दाराबाहेर असलेल्यांनी आत आल्यावर उंबरठा थोडाच पुढे सरकवला होता.

याहून मोठी गोष्ट म्हणजे गुलामगिरी. १७८५ साली फादर जॉन कॅरल यांनी रोमला पाठविलेल्या अहवालात मेरीलँडमधील कॅथलिकांची संख्या सुमारे १५,८०० दिली होती. त्यांत सुमारे ३,००० आफ्रिकी वंशाचे गुलाम होते. तेही बाप्तिस्मा घेतलेले, आपल्याच वेदीपाशी येणारे. चार्ल्स कॅरलच्या मळ्यांवर स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तीनशेहून अधिक गुलाम राबत होते. ‘पहिल्या नागरिका’ने संमतीवाचून घेतलेली दस्तुरी हा जुलूम ठरविला, पण ज्यांचे सारे श्रम संमतीवाचून घेतले जात होते ते त्याच्या स्वतःच्या अंगणात होते. गुलामगिरी वाईट आहे हे तो बोलून दाखवी. १७९७ साली ती हळूहळू संपविण्याचे विधेयक त्याने मेरीलँडच्या सिनेटमध्ये मांडले. ते मंजूर झाले नाही. आपल्या बहुतेक गुलामांना त्याने मुक्त केले नाही. त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १८३८ साली, मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकले. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाऊनच्या विद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला गेला. अखिल ख्रिस्तसभेचे एक अंग म्हणून त्या पापाची लाज आपल्यालाही वाटली पाहिजे.

चार्ल्स कॅरल १४ नोव्हेंबर १८३२ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, निवर्तला. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी तो शेवटचा. त्याच्या चरित्राकडे पाहताना अभिमान वाटतो, कारण अल्पसंख्य समाजाने आपल्यावरील अन्यायाचे भांडवल करून बाजूला न बसता सर्वांच्या न्यायासाठी उभे राहावे, हे त्याने दाखविले. आपल्याकडे माझगावचे काका बॅप्टिस्टा लोकमान्य टिळकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, तेही याच वाटेने. आणि त्याच चरित्राकडे पाहताना मन खाली जाते, कारण ड्युलनींना जे दिसले नाही ते कॅरलने पाहिले, पण कॅरलच्या मळ्यावर जे होते ते त्याने पाहूनही तसेच राहू दिले.

मत्तय हा जकातीच्या नाक्यावरून उठून प्रभूच्या मागे गेला. त्याला नाका सोडावा लागला. हक्काची मागणी करणाऱ्या प्रत्येक समाजापुढे हा प्रश्न येतोच की आपण स्वतः कोणत्या नाक्यावर बसलो आहोत, आणि आपल्यासमोर दुप्पट भरून मुकाट्याने जाणारा तो कोण आहे. कॅरलच्या काळी तो मेरीलँडचा गुलाम होता. आपल्या काळी तो कोण, हे आपल्या गावात, आपल्या घरात आणि आपल्या चर्चच्या आवारात पाहिले म्हणजे कळेल.